वन्सं, तुमच्या मैदानाची बाग झाली

वन्सं, आपलं भांडण अर्धवट राहिलं. हॉस्पिटलात तुमच्या नाकाला नळी होती, आणि नळी लावलेल्या माणसाशी वाद घालवत नाही. म्हणून मी तुमचे पाय चेपत बसले, मोसंबी सोलत बसले, पोटातलं पोटात ठेवलं. तुम्ही घरी आलात की बोलू, असं मनाशी म्हटलं होतं. तुम्ही घरी आलात, पण बोलायच्या अवस्थेत आला नाहीत.

आता येणारा प्रत्येक जण मला सांगतो, किती शांतपणे गेल्या हो. मी मान डोलावते. शांत कसल्या? तुमच्यासारखी शिटी फुंकून अख्खं मैदान थरारून सोडणारी बाई शेवटचं वर्षभर खिडकीला पाठ करून बसून राहिली, तिला काय शांत म्हणायचं?

मला राग आलाय, वन्सं. त्या बागवाल्या साहेबांचा तर आहेच. तुमचाही आहे. पण आधी सगळं नीट आठवू दे, नाहीतर रागाच्या भरात चांगलं तेही विसरेन.

हे गेले तेव्हा मी बडोद्यात, समा भागातल्या या फ्लॅटमध्ये एकटी उरले. तुम्ही यांच्याहून मोठ्या, लग्न केलेलं नाही, दांडिया बाजारात भाड्याच्या खोलीत राहून शाळेत खेळाच्या बाई म्हणून जन्म काढलेला. नुकत्याच निवृत्त झाला होतात. दिवसकार्य आटोपलं आणि तुम्ही एक ट्रंक आणि कॅनव्हासचे बूट घेऊन दारात उभ्या. म्हणालात, "सुधा, मला स्वयंपाक येत नाही आणि तुला घराबाहेर पडता येत नाही. जमेल आपलं." मला रडू यायचं ते हसू आलं. यांच्यामागे मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी.

आणि जमलंच की. मी तुम्हाला साधं वरण करायला शिकवू शकले नाही, पण तुम्ही मला बाहेर काढलंत. सोसायटीच्या मागे ती मोठी मोकळी जागा होती. "बागेसाठी राखीव" असा गंजका फलक, आणि बाकी सगळी वेडी बाभूळ. इथे गुजरातीत वेड्याला जो शब्द आहे तो मराठीत शिवीसारखा वाटतो, त्यामुळे त्या झाडाचं नाव मी माहेरी चारचौघांत उच्चारू शकले नसते, आणि तुम्ही मुद्दाम माझ्यासमोर ते मोठ्यांदा म्हणायचात. तुम्ही माणसं लावून बाभळी काढवल्यात, स्वतः कुदळ धरलीत, माती चाळून पाणी मारून रोज थापलीत. दोन खांब रोवलेत. चुन्याच्या फक्कीने रेघा ओढल्यात. कुणी विचारलं, बेन, हे काय चाललंय? "खो-खो," तुम्ही म्हणालात, जशी काही ती जागा जन्मापासून त्याचीच वाट बघत होती.

सोसायटीतल्या मुली आल्या, मागच्या बैठ्या घरांतल्या आल्या. मराठी मुली तुम्हाला बाई म्हणायच्या, गुजराती मुली बेन. मी कठड्यावर बसून गवार मोडत बघायची. एका संध्याकाळी एक मुलगी आली नव्हती आणि रांग पुरी होत नव्हती. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "सुधा, चल, बस." मी म्हटलं, वन्सं, लोक काय म्हणतील. तुम्ही म्हणालात, "लोक बसतात का खो-खोला? तू बस." मी साडी खोचून, लहान पोरींच्या मधोमध, गुडघा टेकून बसले. मागून कुणीतरी पाठीवर थाप मारून "खो" ओरडलं आणि मी उठून धावले, वन्सं. विधवा बाई, केस पिकलेले, चप्पल कुठे उडाली पत्ता नाही. चुकीच्या दिशेने धावले. पोरी हसून लोळल्या. त्या दिवशी रात्रीच्या जेवणात मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. हे तुमचं ऋण आहे आणि ते मी नाकारत नाही. म्हणूनच राग जास्त येतो.

हेतल त्याच मुलींमधली. बाप कारखान्यात फिटर, घर मैदानाच्या बरोबर मागे. त्याची एकच अट होती: गच्चीवरून दिसेल तिथेच खेळायचं. तुमचं मैदान दिसायचं. पोरगी सूर मारायची तेव्हा तुम्ही शिटी तोंडातून काढून नुसत्या बघत राहायचात. "हिला मी राज्याच्या संघात बघणार," असं तुम्ही मला सांगायचात, तिला कधीच नाही. तिला फक्त चुका सांगायचात.

मग सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली. शहरातल्या बागा, चालायच्या वाटा, खेळायच्या जागा सुधारायची मोठी योजना महापालिकेने आखली होती आणि नागरिकांची मतं हवी होती. तुम्ही कडक इस्त्रीची साडी नेसलात, मलाही ओढून नेलंत. हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवली. हिरवळ, कारंजी, फुगे घेतलेली मुलं, सायकलवरची गोरी माणसं. त्या चित्रांत ऊन कुठेच नव्हतं. लोक एकेक मागण्या करत होते. पार्किंग हवं, कारंजं हवं, बाहेरची पोरं आत यायला नकोत. तुम्ही उठलात आणि तुमच्या त्या मराठी वळणाच्या गुजरातीत सांगितलंत की आमच्याकडे खो-खोचं मैदान आहे, ते मातीचं आहे ते मातीचंच राहू द्या. पाण्याचा एक नळ द्या. मुलींसाठी संडास द्या. एक दिवा द्या, हिवाळ्यात लवकर अंधारतं. बस्स, एवढंच. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. चित्रं दाखवणारा महापालिकेचा तरुण साहेब व्यासपीठावरून खाली उतरून तुमच्यापाशी आला. "बेन, तमे तो अमारुं काम सहेलुं करी नाख्युं," म्हणाला. आमचं काम सोपं केलंत. खरंच केलंत हो, वन्सं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला जागा बघायला बोलावलंत. तुम्ही पुढे, तो मागे. खांब दाखवलेत, रेघा दाखवल्यात, माती हातात घेऊन चुरून दाखवलीत. तो म्हणाला, "आमच्याकडे तर ही जागा झाडीझुडपाची दाखवलीय. साफ करण्यातच वेळ जाईल असं वाटत होतं. ही तर तयार आहे!" मग आपल्या घरी बसून माझ्या हातचा चहा प्यायला, आल्याचं प्रमाण छान आहे म्हणाला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, मोकळी जागा अशी कुणाला हौसेने दाखवू नये."

"सुधा, तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं."

"तो तुमच्या मातीकडे बघत नव्हता. तो जागेच्या लांबी-रुंदीकडे बघत होता."

"अगं, शिकलेला मुलगा आहे. ऐकून घेतलं ना त्याने? आयुष्यभर मी शाळेत खेळाचा तास मागत राहिले, गणितवाले तो पळवायचे. पहिल्यांदा कुणीतरी मलाच विचारतंय, बाई, तुम्हाला काय हवं?"

तुमचा चेहरा असा उजळला होता की मी कपबश्या उचलून आत गेले. भांडण सुरू झालं ते तिथे.

नंतर तुम्ही घरोघर हिंडलात. योजनेला पाठिंबा द्या म्हणून. ज्यांना बाग नको होती, म्हणजे मागच्या बैठ्या घरांतली माणसं, त्यांची तुम्ही समजूत घातलीत. हेतलच्या बापाला तुम्हीच सांगितलंत, भाई, थोडे दिवस काढा, मग पोरींना पक्कं मैदान मिळेल. त्याने तुमच्याकडे बघून हो म्हटलं. योजनेकडे बघून नाही.

मैदानाभोवती पत्रे लागले. आत यंत्र आलं आणि पहिल्याच दिवशी तुमचे खांब उपटून बाजूला टाकले. तुम्ही म्हणालात, काम म्हटलं की हे व्हायचंच, नंतर पुन्हा रोवतील. पावसाळा गेला, नवरात्र गेलं, संक्रांतीला उतराणीचे पतंग त्या पत्र्यांवर अडकून फाटले, काम चालूच. मुली सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर खेळायला लागल्या. सिमेंटच्या ठोकळ्यांचा रस्ता. गाड्या लावणारे ओरडायचे. तुम्ही रोज बजावायचात, इथे सूर मारायचा नाही, नुसतं पळा. पण अंगात भिनलेली गोष्ट विचारून थोडीच येते? समोरची खेळाडू हुलकावणी देऊन निसटायला लागली आणि हेतलने झेप घेतली. तो आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. मला वाटलं कुणाची कुंडी पडली.

गुडघ्याची वाटी फुटली होती. ऑपरेशन झालं. राज्याच्या संघाची निवड तोंडावर होती, ती तिच्याविना झाली. तुम्ही रोज तिच्या खाटेपाशी जाऊन बसायचात. तिचा बाप तुम्हाला एक शब्द बोलला नाही. पाणी द्यायचा, खुर्ची द्यायचा. तो बोलला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं.

आणि मग उद्घाटन. तुम्हाला मानाने बोलावलं. मी म्हटलं जाऊ नका. तुम्ही गेलात, कारण तुम्हाला अजून वाटत होतं की आत कुठेतरी कोपऱ्यात मैदान असेल. आपण दोघी आत शिरलो. कारंजं होतं. फायबरचा हत्ती होता. चालायला लाल रबरी वाट होती. बडोद्याचं नाव मोठ्या अक्षरांत उभं केलेलं, त्यासमोर लोक फोटो काढत होते. जाळीच्या पिंजऱ्यात हिरवं प्लास्टिकचं गवत, तासावर भाड्याने, क्रिकेटसाठी. बाकीच्या हिरवळीवर फलक: "रमवानी मनाई छे." खेळायला मनाई आहे. तुम्ही तो वाचलात. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही दोनदा वाचलात.

मग तुमचं नाव पुकारलं. तुम्ही वर गेलात, शाल घेतलीत, नारळ वाढवलात आणि हसलात. माझा खरा राग या हसण्याचा आहे, वन्सं. माइक तुमच्यापासून हातभर अंतरावर होता.

घरी येऊन मी म्हटलं, "तिथे बोलायचं होतं."

"व्यासपीठावर कुणाचा अपमान करू नये."

"त्यांनी तुमचा केला तो?"

"त्यांनी मुद्दाम नाही केलं, सुधा. काहीतरी चूक झाली असेल. मी भेटते ना जाऊन."

तुम्ही भेटायला गेलात. एकदा नाही, किती तरी वेळा गेलात. चहा पिऊन गेलेल्या साहेबाची बदली झाली होती. नवा साहेब बोलायला गोड. एकदा मी तुमच्याबरोबर होते, कारण तुम्हाला जिने चढवत नव्हते. त्याने संगणकावर काहीतरी उघडलं आणि खुशीत आला. "बेन, तुमची सूचना तर पूर्ण झालीय! ही बघा ना." त्याने पडदा आपल्याकडे वळवला. बागेच्या मागच्या भिंतीचा फोटो. भिंतीवर रंगवलेलं चित्र: वेण्या घातलेली एक मुलगी, हात पुढे करून धावतेय, खाली मोठ्या अक्षरांत "खो-खो". "नागरिकांची मागणी होती म्हणून खास चित्रकार बोलावला," तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की तुम्ही खूश व्हाल.

मी तोंड उघडलं. तुम्ही माझा हात दाबलात. "छान काढलंय," असं म्हणालात. आणि रिक्षात बसल्यावर म्हणालात, "मुलीचा पाय चुकलाय. असा टाकला तर ती पडेल."

त्यानंतर तुम्ही बागेच्या बाजूची खिडकी उघडली नाहीत. संध्याकाळी खाली गेला नाहीत. कॅनव्हासचे बूट तुम्ही भाजीवालीच्या मुलीला देऊन टाकलेत. मी खूप बोलायचे, तुम्हाला चिडवायचे, मुद्दाम त्या साहेबांना शिव्या घालायचे. तुम्ही एवढंच म्हणायचात: "माझीच चूक. मी जागा दाखवली नसती तर पोरगी आज धावत असती."

हेच आपलं भांडण होतं. मी म्हणायचे, चूक ज्याने जागा घेतली त्याची, जिने विश्वासाने दाखवली तिची नाही. तुम्ही म्हणायचात, विश्वास ठेवणं हीच चूक. मी म्हणायचे, मग चिडा त्यांच्यावर, बोला, पेपरवाल्यांना बोलवा, त्या फलकासमोर मुली घेऊन बसा, मी येते साडी खोचून. तुम्ही म्हणायचात, आता नको गं. आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. रागावायचा सगळा हक्क तुमचा होता. तुम्ही तो वापरला नाहीत, नुसता गिळलात, आणि डॉक्टर म्हणतात हृदय थकलं होतं.

हॉस्पिटलात हेतल आली. आता चालते ती, जिने चढते, धावत नाही. कॉलेजला जाते. तुम्ही तिचा हात धरून म्हणालात, "मला माफ कर गं." ती म्हणाली, "बेन, मला तुमची माफी नको. दुसऱ्या कुणाची तरी हवी होती." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला त्या पोरीला कवटाळावंसं वाटलं, कारण जे मी वर्षभर सांगत होते ते तिने एका वाक्यात सांगितलं. तुम्ही ऐकलंत का? निदान तेवढं तरी सांगून जायचं होतं.

तुमचं सगळं आपल्या रीतीने केलं. सोसायटीने मात्र इथल्या पद्धतीने बेसणं ठेवलंच. पांढऱ्या गाद्या, तुमचा फोटो, येणारे हात जोडून बसून उठणारे. तो गोड बोलणारा साहेब आला, पांढरे कपडे घालून. सोसायटीचे सेक्रेटरी त्याला थेट माझ्यापाशी घेऊन आले.

"बा," साहेबाने मला इथल्या रीतीने आई म्हणून हाक मारली, "आमची इच्छा आहे की बागेला बेनचं नाव द्यावं. कुमुदबेन उद्यान. घरच्यांची संमती असली की झालं."

"संमती नाही," मी म्हटलं.

सेक्रेटरींना वाटलं मी नीट ऐकलं नाही. ते मोठ्याने म्हणाले, "सुधाबेन, बागेला नाव देतायत! केवढा मान आहे हा!"

"मी ऐकलं. संमती नाही."

"कारण कळेल, बा?" साहेबाने अगदी नम्रपणे विचारलं.

"उद्घाटनानंतर त्यांनी त्या बागेत पाऊल ठेवलं नाही. त्यांचं नाव तरी मी तिथे कशाला पाठवू?"

बसलेल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. साहेब हात जोडून उठला. सेक्रेटरी त्याला पोचवायला जिन्यापर्यंत गेले आणि वाटेत माझ्या वतीने माफी मागत होते, ती मला बसल्या जागी ऐकू आली. दुःखात आहेत, साहेब, मनावर घेऊ नका. दुःखात नव्हते मी तेव्हा. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा डोकं ताळ्यावर होतं.

सगळे गेल्यावर हेतल गाद्या उचलायला थांबली. मग म्हणाली, "मासी, नाही म्हणायला नको होतं."

"का गं?"

"नाव लागलं असतं तर आम्हाला भांडायला जागा झाली असती. ज्या बेनचं नाव वर लावलंय, तिच्या मुलींना आत खेळू का देत नाही, असं तोंडावर विचारता आलं असतं."

मला हे सुचलं नव्हतं, वन्सं. खरंच नाही सुचलं. मी गादीवर बसले. मी म्हटलं, "ते पुन्हा ऐकून घेतील, पुन्हा टाळ्या वाजवतील, आणि भिंतीवर आणखी एक चित्र काढतील."

"काढू देत," ती म्हणाली. "आपण विचारत राहायचं."

ती गेली. तेव्हापासून मी विचार करतेय की तिचं बरोबर की माझं. सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाहीत. शेजारची कोकिळाबेन म्हणाली, मेलेल्या माणसाचा मान असा लाथाडू नये. नाव द्यायचं तर ते माझ्या संमतीवाचूनही देतील, एवढं मला कळतं. कदाचित मी चुकले असेन. पण तुमचं नाव घेऊन कुणीतरी पुन्हा हसेल, पुन्हा नारळ वाढवेल, आणि या वेळी तुम्हाला शालही द्यावी लागणार नाही, हे मला सोसवलं नसतं.

तुम्ही असतात तर हो म्हणाला असतात. वर त्याला चहाही विचारला असतात. हे ठाऊक असून मी नाही म्हटलंय, तुम्हाला न विचारता, भरल्या बेसण्यात, तुमच्या फोटोसमोर. तुम्हाला आवडलं नसेल. नसू दे. जन्मभर तुम्ही कुणावर आवाज चढवला तो फक्त मैदानात. त्या साहेबांवर चिडायचं होतं, ते तुम्हाला जमलं नाही. आता माझ्यावर तरी चिडा, वन्सं.